माझ्या भावाचं घोरणं

श्यामकांत पोतनीस घोरायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याची ओळख करून देताना सगळे हेच सांगायचे, आणि सांगून हसायचे. तो माझा थोरला भाऊ. मिरजेहून एक ट्रंक घेऊन दिल्लीला आला, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्यभर इमानानं नोकरी केली, आईवडिलांची म्हातारपणं काढली, माझं लग्न लावून दिलं. यातलं कुणाच्या काही लक्षात नाही. लक्षात काय राहिलं, तर घोरणं. उल्का, म्हणजे त्याची मुलगी, मला म्हणाली, "आत्या, थोडी शांत हो, मग लिही." शांत झाले तर मी लिहिणारच नाही, हे तिला ठाऊक नाही.

दादा दिल्लीत आला तो आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी. आधी करोल बागेत चौघांत एक खोली, मग लग्न झाल्यावर रामकृष्णपुरममधलं सरकारी क्वार्टर. हिंदी त्याला कधी धड आली नाही. भाजीवाल्याला तो वर्षानुवर्षं "भैया, कोथिंबीर देना" म्हणत राहिला, शेवटी भाजीवालाच कोथिंबीर म्हणायला लागला. देह धिप्पाड, मान आखूड आणि जाड. शर्टाचं गळ्याचं बटण म्हणून कधी लागलं नाही. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्याला रागावलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. घराण्यातला सगळा राग माझ्याच वाट्याला आला असावा.

आणि पाहुणे! दिल्लीत ज्याचं घर आहे त्या मराठी माणसाला पाहुणे म्हणजे काय ते सांगायला नको. मुलाची मुलाखत आहे, सासऱ्यांना मोठ्या इस्पितळात दाखवायचंय, वैष्णोदेवीला जाता जाता दोन दिवस टेकायचंय, सव्वीस जानेवारीची परेड बघायचीय. मिरज-सांगलीकडचा जो कुणी उठेल तो दादाकडे उतरायचा. दादा पहाटे उठून निजामुद्दीन स्टेशनवर गोवा एक्स्प्रेसला हजर. पाहुण्यांची बॅग स्वतः उचलायची, हमाल करू द्यायचा नाही. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे नियम ठरलेला होता: पाहुणे आले की आत बायका, बाहेर पुरुष. आतली खोली, पलंग, जाड रजया सगळं पाहुण्यांकडच्या बायकांना, आणि बाहेरच्या खोलीत गाद्या पसरून दादा आणि पुरुषमंडळी. जानेवारीत आलेल्या प्रत्येकाला तो पानिपतला काला अंबला घेऊन जायचा. तिथल्या स्मारकाजवळ उभा राहून लढाईची हकीकत सांगायचा आणि दरवेळी चष्मा काढून पुसायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, अरे, अडीचशे वर्षं होऊन गेली." तर म्हणाला, "आपल्या माणसांना इथवर येऊन उपाशी लढावं लागलं, कुमुद. निदान आता येतात त्यांना जेवून जाऊ दे."

असा माणूस. आणि अशा माणसाची लोकांनी काय करमणूक करावी!

पाहुणा सकाळी चहाला बसला की पहिला विषय तोच. "काय हो श्यामराव, रात्री ट्रॅक्टर कुणाचा चालू होता?" सगळे हसायचे, दादा सगळ्यांत जास्त. पाहुणा घरी परत जाऊन गावभर सांगायचा. पुढचा पाहुणा कानात घालायला बोळे घेऊनच यायचा आणि ते बोळे आल्याआल्या सगळ्यांना काढून दाखवायचा. आमच्या इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन असायचं, त्यात फिशपाँडचा कार्यक्रम. कुणी आपलं नाव न सांगता दुसऱ्यावर टिंगलीच्या ओळी लिहून द्यायच्या आणि त्या माइकवरून वाचायच्या. एका वर्षी दादावर आलं:

"पालमवरती विमान उतरे, तसे यांचे घोरणे;
वहिनी, तुम्हां कसे जमले इतकी वर्षे सोसणे?"

हॉल दणाणला. वहिनीला व्यासपीठावर बोलावून कापसाची गुंडाळी बक्षीस दिली. वहिनी, प्रमोदिनी तिचं नाव, ती गुंडाळी घेऊन खाली येऊन बसली आणि तिनं ती पर्समध्ये ठेवली. ती हसली नाही. शेजारची बाई मला म्हणाली, "तुमच्या वहिनींना विनोदबुद्धी कमीच, नाही?" मी तिला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. त्यानंतर ती बाई माझ्याशी बोलत नाही, ते बरंच आहे.

कारण मला दिसत होतं. दादा सकाळी उठायचा तो डोकं धरून. चेहरा सुजल्यासारखा, डोळे लाल. रात्रभर झोपून उठलेला माणूस असा दिसतो का? बोलता बोलता त्याचा डोळा लागायचा. पेपर हातात, चष्मा नाकावर आणि मान छातीवर. एकदा स्कूटरवरून जाताना तांबड्या दिव्याला थांबला आणि तिथंच पेंगला. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून उठवला, त्यानंतर वहिनीनं स्कूटर विकायला लावली. ऑफिसात बैठकीत झोपायचा. त्याला कुंभकर्ण म्हणायचे. त्याच्या हाताखालच्या पोरांनी एकदा त्याच्या टेबलावर उशी आणून ठेवली. बढतीच्या वेळी वरच्या साहेबानं शेरा मारला की माणूस प्रामाणिक आहे, पण सुस्त आहे. सुस्त! ज्या माणसानं पहाटेच्या थंडीत लोकांच्या बॅगा उचलल्या तो सुस्त!

रक्तदाब तर चढलेलाच. डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग दुसरी, मग तिसरी. मीठ कमी करा, रोज चाला, वजन उतरवा. दादानं मीठ सोडलं, रोज सकाळी चालायला लागला, थोडं वजनही उतरवलं. रक्तदाब हटेना. दरवेळी नवा डॉक्टर, दरवेळी नवी गोळी. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं विचारलं नाही की तुम्ही झोपता कसे. नाडी बघितली, पाय दाबून बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली. अहो, शेजारी बायको उभी होती ना? तिला विचारायचं होतं! पण ती बाई, तिला काय कळतं?

निवृत्तीला वर्षभर असताना एका सकाळी ऑफिसच्या जिन्यात दादाच्या छातीत कळ आली. घामानं चिंब झाला. सहकाऱ्यांनी गाडीत घालून इस्पितळात नेला म्हणून वाचला. हृदयाची एक नळी तुंबली होती, ती मोकळी करून आत जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वॉर्डात त्याच्याजवळ बसलो होतो. त्याला झोप लागली आणि घोरणं सुरू झालं. पलीकडच्या खाटेवरचे पंजाबी आजोबासुद्धा हसायला लागले. मग एकाएकी डोक्याजवळचं यंत्र कोकलायला लागलं. नर्स धावत आली, मग डॉक्टरीणबाई आल्या. त्या हसल्या नाहीत. त्या पलंगाजवळ उभ्या राहून दादाच्या छातीकडे आणि त्या पडद्यावरच्या आकड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"ये हमेशा ऐसे ही सोते हैं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "जी, खर्राटे लेते हैं. बहुत पहले से."

"ये सिर्फ़ खर्राटे नहीं हैं, मैडम. इनकी साँस रुक रही है. बार-बार."

मग त्यांनी उल्काला आणि मला बाजूला घेऊन समजावलं. झोपेत याच्या घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. छाती हवा ओढायला धडपडते, पण हवा आत जातच नाही. पाण्याच्या पाइपवर कुणी पाय द्यावा तसं. रक्तातला प्राणवायू उतरत जातो. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, तो मोठा घोरण्याचा आवाज होतो, श्वास सुरू होतो, आणि डोळा लागला की पुन्हा तेच. रात्रभर. माणसाला सकाळी यातलं काहीही आठवत नाही. प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो, हृदयाला हिसका बसतो. बाकीच्यांच्या हृदयाला रात्री विसावा मिळतो, याच्या हृदयाची रात्रीच जास्त दमछाक होते. तीन गोळ्यांना रक्तदाब दाद देत नव्हता तो म्हणूनही. अशा माणसांना झटका येण्याचा धोका जास्त, आणि पुष्कळदा तो रात्री-पहाटे गाठतो.

"यार आत्या," उल्का रडवेली होऊन म्हणाली, "आपण सगळे हसत होतो."

"तुम्ही हसत होता," मी म्हणाले. मी त्या घोरण्यावर कधीच हसले नव्हते, पण त्याला काही अर्थ नव्हता. काय चाललंय हे मलाही कळलं नव्हतं.

पुढं झोपेची तपासणी झाली, आजार जबर आहे असं निघालं, आणि घरात मशीन आलं. उशाशी ठेवायचा लहानसा डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बांधायचा मुखवटा. डबा हवा आत ढकलत राहतो, म्हणजे घसा मिटत नाही. रोज लावायचं, रोज म्हणजे रोज. एक रात्र सोडली तर त्या रात्री आजार होता तिथं परत. डॉक्टरीणबाईंनी हे वहिनीला, उल्काला, मला आणि दादाला चार वेळा सांगितलं. दादानं पहिले काही दिवस कुरकुर केली, नाक सोलतंय म्हणाला, गणपतीच्या सोंडेसारखं दिसतंय म्हणाला. मग एके सकाळी माझा फोन वाजला.

"कुमुद, मी आज उठलो ना, तर डोकं दुखत नाहीये."

"मग?"

"मग काही नाही. मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखतं."

तो फोनवर हसत होता आणि इकडे मी नोएडातल्या माझ्या स्वयंपाकघरात फोन धरून रडत होते. किती वर्षं! किती वर्षं तो सकाळच्या डोकेदुखीला जगण्याचाच भाग समजत आला होता!

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या भावाच्या आयुष्यातली सर्वांत चांगली. रक्तदाब उतरला, एक गोळी बंद झाली. निवृत्त होऊन तो गाझियाबादला, वसुंधरातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. दुपारी सलग बसून पेपर वाचायचा. सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवायला लागला आणि शिकवताना जागा असायचा. वहिनीच्या तोंडावरही रंग आला. मी एकदा गेले तर दोघं बाल्कनीत चहा पीत पत्ते खेळत होती. वहिनीला पत्ते येतात हेच मला माहीत नव्हतं.

आणि मग विश्वनाथ आला.

विश्वनाथ आमचा आतेभाऊ, दादाच्याच वयाचा. मिरजेला एका वर्गात होते, दादाला तो शाम्या म्हणायचा. जानेवारीत पानिपत, मग आग्रा-मथुरा, मग परेड, असा बेत करून तो आणि त्याची बायको वृंदा आली. आमच्याकडे म्हण आहे, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पण दादाला घोडं काय, हत्ती आला असता तरी आनंदच झाला असता. घर आता मोठं होतं, दोन बेडरूमचं, पण एका खोलीत उल्काचं सामान भरलेलं. झालं, पुन्हा तेच: आत बायका, बाहेर पुरुष. बेडरूममध्ये हीटर लावून वहिनी आणि वृंदा, हॉलमध्ये गाद्यांवर दादा आणि विश्वनाथ.

आणि मशीन? मशीन दादानं पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच पिशवीत भरून कपाटावर टाकलं.

मला हे चार दिवसांनी कळलं. कसं कळलं, तर घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विश्वनाथनं एक आवाज टाकला. खाली लिहिलं होतं, "दिल्ली दरबारची तोफ, खास तुमच्यासाठी." दादाचं घोरणं त्यानं रात्री मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. त्याच्याखाली हसून डोळ्यांतून पाणी काढणारे चेहरे, ओळीनं. काका, मावशा, भाचे, सुना, सगळे. मी ते ऐकलं. आधी घोरणं, मग शांतता. इतकी लांब शांतता की मला वाटलं मोबाइल बिघडला. मग एकदम बुडणारा माणूस वर यावा तसा तो श्वास घेतो, आणि मागे विश्वनाथचं खिदळणं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

होती त्या साडीवर शाल घेतली, टॅक्सी केली आणि गाझियाबाद गाठलं. धुकं इतकं की टॅक्सीवाला गाडी रांगवत होता आणि मी मागं बसून त्याच्यावरच खेकसत होते. पोचले तेव्हा सगळे पोहे खात होते.

"दादा, मशीन कुठाय?"

दादानं आधी विश्वनाथकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, बस तरी. चहा घे."

"मशीन कुठाय?"

"आहे, वर आहे. अगं, काही दिवसांचाच प्रश्न आहे. पाहुण्यांसमोर ते तोंडाला बांधून काय पडायचं? विशूला झोप नको का? हवेचा आवाज येतो त्याचा."

"आणि या तुझ्या घोरण्यानं त्याला झोप येते?"

"त्याची त्याला मजा वाटते," दादा म्हणाला. अगदी खरेपणानं म्हणाला. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं तर ती माझ्या भावाच्या उरावर बसली होती.

मी विश्वनाथकडे वळले. "विश्वनाथदादा, तू जे रेकॉर्ड केलंस ना, त्यात याचा श्वास थांबलाय. याला एकदा झटका येऊन गेलाय, तुला माहीत आहे. हे मशीन नसलं तर याच्या हृदयावर रोज रात्री ताण येतो. हसण्याची गोष्ट नाहीये ही."

"कुमे, तू पहिल्यापासून तापट," विश्वनाथ पोह्यावर लिंबू पिळत म्हणाला. "अगं, आमचे आजोबा घोरायचे, नव्वद वर्षं जगले. दिल्लीवाल्यांना डॉक्टर म्हणेल ते खरं. आणि आमचं काही म्हणणं नाही हं, लाव की रे शाम्या, आम्ही काय नको म्हणतो का? आमच्यामुळे तुझी गैरसोय होत असेल तर आम्ही जातो हॉटेलात."

हॉटेल! हा शब्द दादासमोर काढायचा म्हणजे तलवार उपसायची. दादा तांबडालाल झाला, माझ्या दंडाला धरून मला बाल्कनीत घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर चिडला होता.

"घरी आलेल्या माणसाला असं बोलतात? परेड झाली की जाणारच आहेत ते. त्या रात्रीपासून लावतो. शपथ."

"आज रात्रीपासून लाव."

"कुमुद, आता पुरे."

वहिनी दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "वहिनी, तू तरी सांग." ती म्हणाली, "रोज सांगते गं." आणि ती आत जाऊन पोह्याची दुसरी कढई चढवायला लागली. मी स्टूल घेऊन कपाटावरची पिशवी काढली, मशीन हॉलमध्ये दादाच्या गादीच्या उशाशी नेऊन ठेवलं आणि प्लग लावला. सगळ्यांच्या देखत. मग निघून आले. आणखी काय करता आलं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगावं, माझी ऐकायची तयारी आहे.

परेडच्या आदल्या दिवशी सकाळी उल्काचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. मी पोचले तेव्हा दादा त्याच गादीवर होता, अंगावर रजई नीट ओढलेली. मशीन पुन्हा पिशवीत होतं आणि पिशवी भिंतीशी.

मी नंतर त्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की मशीन लावलं असतं तर तो वाचला असता. त्या खरं बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. हृदय आधीच दुखावलेलं होतं, थंडी होती, वय होतं. पण आजार इतका जबर, झटका येऊन गेलेला, आणि इतक्या रात्री मशीन नाही. असं करायला नको होतं. एवढंच त्या म्हणाल्या. त्यावरही मी चिडले. मग घरी येऊन मला कळलं की त्यांच्यावर चिडण्यासारखं काही नव्हतं.

विश्वनाथनं परतीचं तिकीट रद्द केलं आणि तो दिवसकार्यापर्यंत राहिला. राहिला तो चांगुलपणानंच राहिला, हेही लिहायला हवं. धावपळ केली, सामान आणलं, लोकांना चहा दिला. रोज सकाळ-संध्याकाळ लोक भेटायला यायचे. मंडळातले, ऑफिसातले, सोसायटीतले. सतरंजीवर बसायचे आणि सगळे एकच म्हणायचे, "झोपेतच गेले. असं मरण यायला पुण्य लागतं." ऑफिसातल्या एका माणसानं "सोते-सोते चले गए, कोई कष्ट नहीं हुआ" असं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी दात आवळून बसायचे. वहिनी भिंतीला टेकून बसलेली असायची. मला वाटलं, तिला हे ऐकून बरं वाटत असेल, वाटू दे.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाली, सगळे टेकले. विश्वनाथच्या भोवती मंडळातली चार-सहा माणसं बसली होती आणि तो शेवटची रात्र सांगत होता. त्याचा आवाज भरून आला होता, नाटक नव्हतं ते.

"मी शेजारीच होतो की. हातभर अंतरावर. मध्यरात्र उलटेपर्यंत नुसता गडगडाट चालला होता, नेहमीसारखा. मग पहाटेकडे एकदम थांबला. इतकं शांत झालं म्हणून सांगू! मी म्हटलं, चला, शाम्याला झोप लागली. तेव्हा कुठं माझाही डोळा लागला. सकाळी बघतो तर... काही त्रास नाही, काही नाही. योगी माणूस."

लोकांनी हळहळून च् च् केलं. मी उठायच्या बेतात होते. माझ्या तोंडात शब्द आले होते, आणि ते चांगले नव्हते.

"थांबलं ते तुम्ही ऐकलंत, भावजी?"

वहिनी बोलली होती. भिंतीला टेकलेलीच होती, आवाज चढवला नव्हता, तरी सगळी खोली तिच्याकडे वळली.

"हो ना, वहिनी. एकदम शांत."

"मग त्यांना हलवलं का नाही?"

विश्वनाथला प्रश्नच समजला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी समजावून सांगेन. मलाही समजला नव्हता.

"आवाज थांबला की हलवायचं असतं," वहिनी म्हणाली. "पाठीवर हात ठेवायचा आणि ढकलायचं. मग श्वास येतो. लग्न झालं त्या आठवड्यात कळलं मला ते. तेव्हापासून रोज रात्री मी तेच करत होते, मशीन येईपर्यंत. क्वार्टरात पाहुणे असले की मधलं दार उघडं ठेवून उंबऱ्याशी झोपायचे, तिथून हात पोचायचा. आवाज चालू असला की मला डुलकी लागायची. थांबला की जाग यायची. तुम्ही सगळे आवाजाला हसायचात. मला आवाजाची भीती कधी वाटलीच नाही."

मी पस्तीस वर्षं त्या घरात जात-येत होते. तिला कामाला आळशी, जरा मंद, विनोद न कळणारी असं लोक म्हणायचे. मी लोकांशी भांडायचे, पण ती दिवसा अशी का असते हे मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

"त्या रात्री मी आत होते," ती म्हणाली. "दार लावलेलं, हीटरचा पंखा चालू. मला बाहेरचं काही ऐकू येईना. मी तीनदा उठून बसले. पण पाहुणे घरात असताना, या वयात, मी बाहेर नवऱ्याजवळ झोपते, असं म्हणायची मला लाज वाटली. म्हटलं, भावजी आहेत ना शेजारी."

विश्वनाथचं तोंड पांढरं पडलं होतं. वृंदानं पदर तोंडाला लावला. "वहिनी, मला काय माहीत?" तो म्हणाला. "देवाशप्पथ, मला वाटलं, झोप लागली."

"लागली ना," वहिनी म्हणाली. "तुम्हाला."